पाचट पेटवू नका, सरीत कुजवा : रानातला सेंद्रिय कर्ब असा वाढवा

ऊस तुटून गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी लावायची ही आमच्याकडची जुनी सवय, रान कसं झाडून काढल्यासारखं दिसतं. पण एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, निघतं, त्यात साधारण चाळीस टक्के कर्ब, म्हणजे कार्बन, आणि तो अर्ध्या तासात धूर होऊन जातो. मग उन्हाळ्यात आपणच शेणखताची ट्रॉली कुठं मिळते का म्हणून फोन करत बसतो.

सुरुवात माती तपासण्यापासून करा, नाहीतर पुढं फरक पडला का नाही ते कळणारच नाही. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या, कडेची माती खुरप्यानं वरपासून खालपर्यंत तासून घमेल्यात काढा, सगळी मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग सोडून. मी पहिल्यांदा उकिरडा होता तिथलीच माती उचलली, रिपोर्टात सेंद्रिय कर्ब आला 1.2 टक्के, आठवडाभर मिशीला पीळ देत फिरलो, नंतर नीट नमुना दिला तर 0.38!

आपल्याकडं 0.40 पर्यंत कमी, 0.41 ते 0.60 मध्यम, 0.61 ते 0.80 थोडा जास्त आणि 0.80 च्या वर जास्त धरतात. काळ्या रानाच्या रिपोर्टात मुक्त चुन्याचा आकडा पण असतो, तो चुनखडीतला कर्ब, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आता पाचट. तोड झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटा, पाचट सरीत नीट दाबा. बांधाकडच्या दोन सऱ्यांतलं आत ओढा, शेजारच्यानं त्याचं पेटवलं तर आपलंही जातं. मग पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट टाका, 1 किलो पाचट कुजवणारं कल्चर कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं विस्कटा, रासायनिक खतात कालवू नका, आणि पाणी सोडा. युरिया कशाला असं बरेच जण विचारतात. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावाला, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र तर लागतंच, आपण दिलं नाही की ते मातीतलं उचलतात आणि पीक उपाशी. पहिल्या वर्षी मी पैसे वाचवले आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून परत फुटलेला ऊस, हळदीसारखा पिवळा झाला, घरातल्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहित नाही. खोडव्याचं खत पाचटावर फेकू नका, पहारीनं भोक पाडून मुळाजवळ द्या, राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस तशीच आहे, एकदा सुरुवातीला आणि परत 135 दिवसांनी.

तीन-चार महिन्यांनी पाचट उचलून बघा, खाली पांढरी बुरशी, गांडुळाच्या विष्ठेचे बारीक मणी आणि माती हाताला गार लागते.

पण घाई करू नका. एकराचा वरचा 15 सेंटीमीटरचा थर साधारण 9 लाख किलो, म्हणजे 0.1 टक्का वाढवायला 900 किलो कर्ब मातीत टिकायला पाहिजे. 4 टन पाचटातून मिळतो 1600 किलो, आणि त्यातला बराचसा जिवाणू खाऊन कार्बन डायऑक्साइड करून हवेत सोडतात. एका हंगामात कर्ब दुप्पट करणारी बाटली कुणी विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

टाकण्याएवढंच महत्त्वाचं म्हणजे गळती थांबवणं. रोटर (रोटाव्हेटर) मारला की रान रव्यासारखं होतं, बघायला भारी, पण ढेकळांच्या आत दडलेल्या कर्बाला हवा लागते आणि जिवाणू तो फस्त करतात. म्हणून दोन रोटर मारत असाल तर एकावर या, आणि लावणीआधी रान मोकळं असेल तर ताग पेरून फुलोऱ्यात, दीड महिन्याच्या आसपास, गाडा.

पटत नसेल तर बांधावरच्या गवताखालचं एक ढेकूळ आणि रानाच्या मधलं एक, दोन्ही वाळवून पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. बांधावरचं, जिथं कित्येक वर्षं नांगर लागला नाही आणि कर्ब टिकून आहे, ते बराच वेळ तसंच राहतं. माझ्या रानातलं चहातल्या बिस्किटासारखं विरघळलं होतं, म्हणून तर हे सगळं चालू केलं. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच लॅबमध्ये माती परत द्या.