मोबाइलच्या खेळातून दिशा शिकवताय? या चुका टाळा

दृष्टिबाधित मूल खेळात सारखं भलत्याच बाजूला वळतंय? त्याला समजत नाही असं म्हणण्याआधी फोन तपासा. अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू असेल तर दोन्ही कानांत एकसारखाच आवाज येतो आणि डावं-उजवं कळायला काही मार्गच उरत नाही. हेडफोन उलटे लावले असतील, तर मूल बरोबर ऐकूनही चुकतं. ‘अ ब्लाइंड लेजंड’सारखा खेळ पूर्णपणे आवाजाच्या दिशेवर चालतो, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर तो शिकवूच नका. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या मुलाला असा खेळ देणं तर अन्यायच आहे.

बोट फिरवूनही काही होत नसेल, तर बहुतेकदा टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, मध्येच तो स्पर्श पकडतो. शॉर्टकट सुरू असेल तर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून टॉकबॅक थांबवता येतो. हे मुलालाच शिकवा, दर वेळी फोन त्याच्या हातून काढून घेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाऊलन् पाऊल सांगत राहणं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बॉस्टनजवळच्या कॅरल सेंटर फॉर द ब्लाइंडच्या खऱ्या इमारतीचा संगणकावर ध्वनिखेळ केला होता. काहींना त्यात ठरलेले मार्ग शिकवले, काहींनी राक्षसांना चुकवत रत्नं शोधली. नंतर प्रत्यक्ष इमारतीत दोन्ही गटांना वाट सापडली, पण जवळची वाट काढण्यात खेळणारे सरस ठरले. त्यांच्या मनात इमारतीचा नकाशा तयार झाला होता. म्हणून मूल अडलं तरी लगेच ‘आता उजवीकडे’ म्हणू नका. भिंतीला धडकू दे, मागे येऊ दे.

खुर्चीत बसून नुसत्या बोटाने वळणंही पुरेसं नाही. खेळातलं वळण उभं राहून, अंग वळवून करून घ्या आणि त्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पांढरी काठी घेऊन तसंच वळण घ्यायला लावा. हा भाग शिक्षक घाईत सोडून देतात, आणि मग मूल खेळात पुढे जातं, पण वर्गातून पाण्याच्या टाकीपर्यंत एकटं जात नाही.

रस्त्यावर मात्र हेडफोन अजिबात नकोत. इलेक्ट्रिक स्कूटर मोकळ्या कानांनाही उशिराच ऐकू येते.