धान्याचं किट वाटायच्या आधी परप्रांतीय मजुराचं रेशन चालू करून द्या

ज्यू लोकांत दानाला त्झेदाका म्हणतात, त्या शब्दाचं मूळ न्यायाशी जोडलेलं आहे. 12व्या शतकातल्या मायमोनिडीस ह्या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, सगळ्यात वरची कुठली तर माणसाला असं उभं करायचं की परत मागायची वेळच येऊ नये. हायस ही ज्यूंची संस्था 1881 ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, आधी रशियातून जीव वाचवून आलेल्या ज्यूंना मदत करायची, आता कुठल्याही धर्माच्या निर्वासितांना करते आणि त्यांच्या हक्कांसाठी सरकारशी भांडते पण. आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडला कामाला आलेली बिहार-युपीची पोरं तर ह्याच देशाची आहेत, मग त्यांच्यासाठी एवढं तर आपण करूच शकतो.

असा कुणी मजूर भेटला की आधी विचारा, गावाकडे रेशन कार्ड आहे का? त्यात त्याचं नाव आणि आधार जोडलेलं असेल तर नवीन कार्ड काढायची गरजच नाही, वन नेशन वन रेशन कार्ड ह्या सरकारी योजनेत नाशिकच्या दुकानातही धान्य मिळतं, आणि तो इथे त्याच्या वाटचं घेऊ शकतो, बायको-पोरं गावाला उरलेलं घेतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!! अडलं तर 14445 ह्या हेल्पलाइनला फोन लावा.

पहिल्या वेळी सोबत जाच. मी एका सेंटरिंगवाल्या दादांना घेऊन गेले तर सिमेंटने बोटं इतकी झिजलेली की मशीनवर अंगठा लागेच ना, दुकानदार म्हणे नंतर या. मग साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट ठेवलं तेव्हा कुठे पावती निघाली. एकटे असते तर परत फिरले असते बिचारे.

बांधकामावर असेल तर बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळात नोंदणीपण करा, वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराच्या मागे लागूनच घ्या.

आणि संस्थेला पैसे देणार असाल तर 2000 च्या वर कॅश देऊ नका, 80जीची म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्समधली सूट मिळत नाही, धान्य-कपडे दिले तरी नाही मिळत. इन्कम टॅक्सच्या न्यू रिजीममध्ये तर ही सूट नाहीच. तिकडे अमेरिकेत ज्यू फेडरेशन्स म्हणजे ज्यूंच्या देणग्या गोळा करणाऱ्या संस्था देणगीवरची करसवलत टिकावी म्हणून सरकारकडे मागणी लावून धरतात, आपल्याकडेही संस्थांनी हे बोलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण पगारदार माणूस हजार-दोन हजारच देतो पण दर महिन्याला देतो.