जुनी पिकअप उंच करण्याआधी

गॅरेजला जायच्या आधी टेप घ्या. गाडी सपाट जागेवर, हौदा रिकामा, चारही टायरमध्ये हवा बरोबर. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. मग नेहमीचा माल भरून परत मोजा. सातारा-सांगलीकडच्या वापरलेल्या पिकअपनं ऊस, विटा, खताची पोती काय काय वाहिलेलं असतं, आणि त्या ओझ्यानं पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबून गेलेले असतात. गाडी खाली वाटते ती बऱ्याचदा त्यामुळेच. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर खाली असेल तर सेंटर बोल्टजवळ एखादा पाटा तुटलाय का बघा. पाटे आणि बुश नवे टाकले की कंपनीची उंची परत येते, आणि पुष्कळांचं काम तेवढ्यावरच भागतं. हे केल्याशिवाय लिफ्टचा, म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलण्याचा, विचारही करू नका.

त्यानंतरही उंची हवीच असेल तर ती कुठे हवी आहे ते ठरवा. रानातल्या चाकोरीत मधला उंचवटा मागच्या हाउसिंगला (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी कवचाला) घासत असेल तर पाटे कितीही उंच करा, घासायचं थांबणार नाही. हाउसिंग चाकांच्या मध्ये बसलेलं असतं, ते फक्त मोठ्या टायरनं वर जातं, आणि तेही निम्म्यानं: २ इंच उंच टायर घातला तर हाउसिंग १ इंच वर. चेसिस, सायलेन्सर, पायरी किंवा पुढचा बंपर टेकत असेल तर सस्पेन्शनच्या लिफ्टचा उपयोग आहे. हा फरक दुकानदार सांगत नाही.

किती? माल वाहणाऱ्या गाडीला दीड ते दोन इंच, त्यापुढे नाही. चार इंचांचे किट मिळतात, फोटोत छान दिसतात. पण मग मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, त्याचे सांधे म्हणजे क्रॉस लवकर जातात, पुढचे बॉल जॉइंट ताणले जातात आणि एकामागून एक खर्च निघत राहतो. शिवाय हौद्यात क्रेटची थप्पी लागली की गाडी वळणावर आधीच डोलते, त्यात आणखी उंची.

कशानं उचलायची ते गाडीखाली वाकून ठरवा. मागे बहुतेक पिकअपना पाटेच असतात. तिथे योग्य कमानीचा पूर्ण नवा संच हा सगळ्यात चांगला उपाय. जुन्या थरात एक जादा पाटा घालणं स्वस्त पडतं, पण रिकामी गाडी आपटायला लागते. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) त्याहून स्वस्त. शॅकल २ इंच वाढवलं तर गाडी साधारण १ इंच उचलते आणि हाउसिंगचं तोंड फिरतं, ते पाचर घालून सरळ करावं लागतं. पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये ठोकळा घालतात तो फक्त मागे चालतो. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कुणी सुचवला तर तिथून गाडी काढून घ्या. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) असेल तर मिस्त्री बोल्ट पिळून पाच मिनिटांत गाडी उचलून दाखवतो. त्यात नवीन काही मिळत नाही, चाक खाली जायची जागा तेवढी कमी होते. पुढे कॉइल असेल, उदाहरणार्थ इसुझू व्ही-क्रॉसला, तर नुसत्या स्पेसरपेक्षा योग्य लांबीची कॉइल आणि तिच्या जोडीचे शॉकअप घ्या. पाट्यांच्या गाडीलासुद्धा शॉकअप नव्या उंचीला पुरणारे लागतात. जुने आखूड शॉकअप ताणून बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मागच्या ब्रेकची दांडी. मागच्या चाकांमध्ये गाडीखाली झोपा. बऱ्याच पिकअपना हाउसिंगपासून वर चेसिसकडे गेलेली एक बारीक लोखंडी दांडी असते आणि ती एका व्हॉल्व्हच्या हाताला जोडलेली असते. त्या व्हॉल्व्हमधून मागच्या ब्रेकचे पाइप निघतात. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की गाडी बसते, दांडी हात फिरवते आणि मागच्या ब्रेकला जादा प्रेशर मिळतं. रिकाम्या गाडीला प्रेशर कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी घसरत नाही. तुम्ही गाडी उचलली की चेसिस आणि हाउसिंगमधलं अंतर वाढतं. टनभर माल असला तरी त्या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळा भार पुढच्या चाकांवर येतो.

माझ्या गाडीला पाटे, शॅकल, शॉकअप, सगळं नवं झालं, आणि दांडी होती तशीच राहिली. रिकाम्या गाडीत याचा पत्ता लागत नाही. भिलारहून माल भरून पसरणी घाट उतरताना लागला: पुढून जळका वास, आणि पेडल दाबलेलं असताना गाडी आवरेना. म्हणून पाट्यांचा भाव विचारायच्या आधी मिस्त्रीला विचारा, दांडीचं काय करणार? त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरा मिस्त्री शोधा. गाडी जेवढी उचलाल तेवढाच हाउसिंगकडचा ब्रॅकेट वर घ्यावा लागतो, आणि मग कंपनीच्या मापानं, प्रेशर गेज लावून व्हॉल्व्ह जुळवावा लागतो. अंदाजानं नाही. काम सुरू व्हायच्या आधी दांडीचा आणि हाताचा फोटो काढा, नटावर रंगाची खूण करा.

गाडी विकत घेतानाही दांडी बघा. कुणीतरी ती काढून टाकलेली असते, नाहीतर हात तारेनं वर बांधून ठेवलेला असतो, म्हणजे व्हॉल्व्ह कायम भरलेल्या गाडीसारखा उघडा. अशी गाडी रिकामी असताना पावसात जोरात ब्रेक मारला तर मागून फिरते. जादा पाटा घालून गाडी कडक केली तरी मागचे ब्रेक अर्धवट लागण्याचा प्रश्न येतोच, कारण माल भरल्यावर ती पूर्वीइतकी बसत नाही. ‘थोडंच उचललंय, चालतंय’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. दांडी जुळवल्याशिवाय गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर काढायची नाही.

चेसिस. गंज, तडा, शॅकलच्या ब्रॅकेटजवळ केलेलं वेल्डिंग. कृष्णाकाठची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती कुठे उभी होती ते स्पष्ट विचारा आणि चेसिसच्या भोकांत बोट घालून बघा. आत वाळलेला गाळ हाताला लागला तर त्या गाडीवर लिफ्टचा खर्च करू नका.

कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीनं ठरवून दिलेल्या मापांशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन्हीही होऊ शकतं. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की पासिंग दरवर्षी. तेव्हा किटचे पैसे द्यायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. ‘सगळेच करतात’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनी ऐकत नाही.

बसवण्याच्या दिवशी पाटे हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट नवेच, जुने परत आवळायचे नाहीत. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज पाइप, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते बघा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासतो का बघा. आणि दांडी.

राहिलेलं थोडक्यात. अलाइनमेंट त्याच दिवशी. हेडलाइट खाली घ्या, नाहीतर घाटात समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पहिली चाचणी रिकामी, दुसरी निम्म्या मालावर, सपाट मोकळ्या रस्त्यावर, घाटात नाही. निम्म्या मालावर मागचे ब्रेक लागत नसतील तर परत दांडीकडे. शंभरएक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेनंतर आणखी एकदा. काढलेले पाटे आणि शॉकअप लगेच भंगारात घालू नका, महिनाभर माल वाहून बघा आणि मग ठरवा.