मशीन चांगलं होतं, तार दीड एमएमची होती

दहावीनंतर आयटीआयला 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' हा दोन वर्षांचा ट्रेड घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात एसी म्हणजे गॅस एवढंच होतं. वर्गातल्या सगळ्यांचंच तसं होतं. ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्या तापवून जोडणं) आणि गॅस चार्जिंगच्या प्रॅक्टिकलला झुंबड उडायची. ओहमचा नियम आणि वायरिंगचा बोर्ड निघाला की मागे गप्पा सुरू. आज दहा वर्षं हे काम केल्यावर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी कळकळीने सांगतो, गॅस भरणं नंतर शिकता येईल, आधी वीज मोजायला शिका.

मला हे कळलं ते अप्रेंटिस असताना, पहिल्याच मे महिन्यात. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट. तक्रार अशी की रात्री चालतो, दुपारी चालत नाही. आऊटडोअरपाशी कान दिला तर नुसती घुरघुर, मग टक् करून ओव्हरलोड (जास्त तापल्यावर कॉम्प्रेसर बंद करणारा भाग) पडायचा आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. आम्ही कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला उठायला मदत करणारा भाग, बदलला. दोन दिवसांनी परत बोलावणं. मी परत कॅपॅसिटर बदलला, कारण मला तेवढंच येत होतं. तिसऱ्या खेपेला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागला होता, म्हणून २० अँपिअरचा काढून ३२चा बसवला. आठवड्याने फोन आला, घरात सुक्या बोंबलासारखा वास येतोय. घर शाकाहारी, त्यामुळे आजींचा संशय शेजारच्यांवर. हा वास नाकात साठवून ठेवा. सॉकेटचं, जॉइंटजवळचं प्लॅस्टिक तापून करपायला लागलं की पुष्कळदा असाच वास सुटतो, धूर दिसायच्या आधी.

त्या दिवशी सोबत एक जुने वायरमन होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी मशीन उघडलंच नाही. मला मीटर देऊन डीबीपाशी, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीपाशी, उभं केलं, स्वतः आऊटडोअरपाशी गेले. एसी बंद असताना दोन्हीकडे २१२ व्होल्ट. कॉम्प्रेसर उठायला लागला त्या क्षणी माझ्याकडे २०६, त्यांच्याकडे १६४.

"मधले बेचाळीस व्होल्ट कुठं गेले रे?" काकांनी विचारलं. मला उत्तर आलं नाही.

मेन बंद करून फॉल्स सीलिंगचा तुकडा काढला. डीबीपासून चार एमएमची (म्हणजे चार चौरस मिलिमीटर काटछेदाची) वायर थोडी पुढे आली होती, आणि तिला नुसता पीळ मारून, टेप गुंडाळून दीड एमएमची जोडली होती. टेप काळी पडून चुरा झाली होती.

आता हिशेब बघा. दीड एमएमच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण १२ मिलिओहम रोध असतो. पंचवीस मीटर अंतर, जाऊन-येऊन पन्नास मीटर, म्हणजे ०.६ ओहम. असा कॉम्प्रेसर उठताना क्षणभर ४० अँपिअरच्या आसपास खेचतो. तारेतच २४ व्होल्ट गेले. उरलेले १८ त्या एका पिळात, म्हणजे तिथं ०.४५ ओहम. नंतर ८ अँपिअरवर मशीन चालू राहिलं तरी त्या जागी जवळपास २९ वॅट उष्णता. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न तुम्ही हातात धरलेलं आहे. तेवढा चटका रात्रभर जिप्समच्या आड, लोक खाली झोपलेले असताना. रात्री व्होल्टेज चांगलं असायचं म्हणून कॉम्प्रेसर कसाबसा उठायचा. दुपारी उठत नव्हता.

आणि त्यावर मी ३२चा एमसीबी बसवला होता. एमसीबी एसीसाठी नसतो, तो तारेसाठी असतो. तार जेवढं सोसते त्याच्या आत त्याने पडायला हवं. एमसीबी सारखा पडत असेल तर तो काहीतरी सांगतोय. मोठा बसवणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. मी ते केलं होतं, आणि ती चूक अजून मला बोचते.

दीड टनाला डीबीपासून स्वतंत्र, सलग चार एमएम तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी, हे माझं ठरलेलं आहे. बी टाइप रेटिंगच्या तीन ते पाच पट करंटला लगेच पडतो, सी टाइप पाच ते दहा पटीला, त्यामुळे सुरुवातीचा झटका तो सोसतो. साधा १६ अँपिअरचा सॉकेट-टॉप टाळा, एसी बॉक्स (एसीसाठीची दणकट सॉकेट आणि एमसीबीची पेटी) लावा. टोकांना लग (धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे दाबून पक्की बसवा, आणि स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघा. अर्थिंगच्या बाबतीत सॉकेटच्या तिसऱ्या भोकावर विश्वास ठेवू नका, मागे वायरच नसलेली मी कितीतरी घरं पाहिली आहेत.

कॉम्प्रेसर जळला असं म्हणण्याआधी सप्लाय बंद करून, कॅपॅसिटर डिस्चार्ज करून, तिन्ही टर्मिनलच्या वायरी काढून ओहम मोजा. माझ्या वहीत एका मशीनची नोंद आहे: १.८, ३.१, ४.९. सगळ्यात मोठा आकडा स्टार्ट आणि रनमधला, तो बाकी दोघांची बेरीज. मग ज्या टर्मिनलचा त्यात भाग नाही ते कॉमन. बेरीज जुळली आणि बॉडीला काही दाखवत नसेल तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची गुंडाळलेली तार, बहुधा शाबूत आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मात्र तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. त्याच्या पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावर) २३० व्होल्टचे डीसी होऊन सव्वातीनशेच्या घरात जातात आणि मेन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात. मीटरवर शून्याजवळ आल्याशिवाय बोट लावू नका, कितीही घाई असली तरी.

पहिल्या पगारात मॅनिफोल्ड गेज (गॅसचा दाब मोजायचं साधन) घ्यायची इच्छा होईल. आधी चांगला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) घ्या. जमलं तर वायरमनचा परवानाही काढा. घरातलं वायरिंग आपल्या अखत्यारीत नसेल तर दोष सापडूनही हात बांधलेले राहतात.

त्या फ्लॅटमध्ये आम्ही सलग चार एमएम वायर ओढली, २०चा एमसीबी परत बसवला. दुपारी तीन वाजता कॉम्प्रेसर उठताना आऊटडोअरवर १९६ मिळाले आणि तो पहिल्या फटक्यात चालू झाला. तेव्हापासून बिलाच्या मागे मी डीबीवरचे आणि आऊटडोअरवरचे आकडे लिहून देतो, कामाआधीचे आणि नंतरचे. वायर बदलायचा खर्च सांगितला की गिऱ्हाईक आधी नाही म्हणतं. २०६ आणि १६४ शेजारी-शेजारी लिहून दाखवले की बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी विचारतं, मधले गेले कुठं?