एचआयव्ही कार्यक्रमाचं मूल्यमापन झालं, आता समन्वय सुधारायचाय? मग या चुका टाळा

मूल्यमापनाचा अहवाल आला की आठवड्याभरात कुणीतरी नवा तक्ता काढतं. मध्ये एक गोल, भोवती चौकोन, सगळीकडे बाण. एचआयव्हीच्या प्रकल्पांत देखरेखीचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता असा तक्ता दिसला की पोटात गोळा येतो, कारण त्याच्या मागोमाग येणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. जिनिव्हातल्या यूएनएड्समध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सवरच्या संयुक्त कार्यक्रमात, ज्या होतात, त्याच आपल्या जिल्ह्यातल्या टीआय प्रकल्पातही (जास्त जोखमीच्या गटांसाठीचा एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्प) होतात.

यूएनएड्सचं काम जानेवारी १९९६ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्यात सहा संस्था होत्या: युनिसेफ, यूएनडीपी (विकास कार्यक्रम), यूएनएफपीए (लोकसंख्या निधी), युनेस्को, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक. पुढे त्या अकरा झाल्या. पहिलं पाच वर्षांचं मूल्यमापन २००२ मध्ये पूर्ण झालं, दुसरं स्वतंत्र मूल्यमापन २००९ मध्ये. दोन्ही वेळा मूळ प्रश्न तोच होता: एवढ्या संस्था एकत्र येऊन खरंच एक काम करतात का, की आपापलंच काम एका नावाखाली करतात?

नवं सुरू करता, जुनं बंद करत नाही

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की हिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

२००४ मध्ये देणगीदार देश आणि संस्थांनी 'तीन एक' हे तत्त्व मान्य केलं. एका देशात एड्ससाठी एकच कृती आराखडा, समन्वयासाठी एकच राष्ट्रीय यंत्रणा आणि देखरेखीची एकच व्यवस्था. नीट वाचलं तर हे वजाबाकीचं तत्त्व आहे. एकच ठेवायचं म्हणजे बाकीचं थांबवायचं. पण लोक त्याची बेरीज करतात: आधीचे पाच आराखडे तसेच राहतात आणि वर सहावा 'एकत्रित' आराखडा येतो.

२००८च्या सुमारास मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात होतो. देहविक्री करणाऱ्या महिलांसाठी तिथे दोन टीआय प्रकल्प चालत. एकाचा पैसा सरकारी, दुसऱ्याचा परदेशी देणगीदाराचा. क्षयरोग तपासणीच्या जोडणीसाठी तिसरी संस्था होती. एसटी स्टँडमागच्या लॉजवर तिघांचेही कार्यकर्ते जायचे. तिथे पीअर म्हणून, म्हणजे त्याच समुदायातल्या कार्यकर्त्या म्हणून, काम करणाऱ्या एक ताई होत्या. त्या होत्या एका प्रकल्पाच्या, पण 'सहकार्य' म्हणून तिन्ही संस्थांच्या वह्या भरायच्या. एका वहीत नाव लिहायचं, दुसरीत कोड. एकीत भेटी आठवड्याने, दुसरीत महिन्याने. जिल्ह्याचा एकत्रित अहवाल करताना मी बेरीज केली, तर महिलांचा आकडा मॅपिंगच्या (ठिकाणं फिरून केलेल्या मोजणीच्या) अंदाजाच्या जवळजवळ दीडपट निघाला. त्याच बायका पुन्हा पुन्हा मोजल्या जात होत्या.

मूल्यमापनाचा चमू आला, तीन दिवस राहिला आणि दुबार मोजणी होते आहे हे त्यांनी अचूक लिहिलं. शिफारस होती: समन्वय बळकट करा. दोन महिन्यांत जिल्ह्यात दर महिन्याची समन्वय बैठक सुरू झाली आणि एक 'संयुक्त फॉरमॅट' आला. तो फॉरमॅट मीच दोन दिवस बसून केला होता. प्रशिक्षणात ताईंनी विचारलं, "सर, ही वही आली. मग आता आधीच्यातली कुठली बंद करायची?"

खोलीत तिन्ही संस्थांचे लोक होते. आपली वही बंद करायचा अधिकार त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता, तो वरच्या कार्यालयाकडे होता. ताई चार वह्या घेऊन घरी गेल्या. पुढच्या तिमाहीत त्यांच्याकडून आयसीटीसीला (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राला) जाणाऱ्या महिला कमी झाल्या. संध्याकाळी लॉजवर बसून बोलायची जी वेळ, ती वह्यांत जात होती. त्या तिमाहीत तपासणीवाचून राहिलेल्या बायका कोण होत्या, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

शेवटी उपाय साधाच निघाला. तिन्ही लाईन लिस्ट (एकेका महिलेच्या नोंदीच्या याद्या) फक्त कोडवरून जुळवल्या, तेही महिलांना आधी विचारून आणि नावांचा कागद खोलीबाहेर जाऊ न देता. लॉज एका प्रकल्पाकडे गेले, हायवेवरचे ढाबे दुसऱ्याकडे. याला एक दुपार लागली. वह्या बंद करायची लेखी पत्रं तिन्ही वरच्या कार्यालयांकडून मिळवायला सात महिने लागले. समन्वयाचं खरं काम त्या सात महिन्यांत झालं.

तेव्हापासून नवा फॉरमॅट करायच्या आधी मी 'काय बंद होणार' याची यादी मागतो. तारीख आणि सही नसेल तर फॉरमॅट उघडत नाही. नव्या मुलामुलींना हे रटाळ वाटतं. त्यांना पहिल्या आठवड्यात डॅशबोर्ड हवा असतो. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे, महिनाभर एका पीअरबरोबर फिरा, तिच्या पिशवीत किती वह्या आहेत ते मोजा, मग डॅशबोर्ड करा.

जबाबदारी वाटता, अधिकार कुठे आहे ते बघत नाही

२००५ मध्ये जागतिक कृतिगटाच्या शिफारशींवरून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एड्सच्या कामाची वाटणी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महासचिवांनी देशोदेशी एड्ससाठी संयुक्त चमू उभारायला सांगितलं. दुसऱ्या मूल्यमापनानंतर, २०१० मध्ये, वाटणी पुन्हा झाली: पंधरा क्षेत्रं आणि प्रत्येकाला संयोजक संस्था.

वाटणी चांगलीच होती. अडचण तिच्याखाली होती. यूएनएड्सच्या समन्वय मंडळात २२ देश असतात आणि स्वयंसेवी संस्थांचे पाच प्रतिनिधी बसतात. संयुक्त राष्ट्रांत एवढं स्थान नागरी समाजाला क्वचितच मिळतं, जरी त्या पाच जणांना मत नसलं तरी. पण हे मंडळ जागतिक आरोग्य संघटनेला किंवा युनिसेफला हुकूम देऊ शकत नाही. प्रत्येक संस्थेचं स्वतःचं नियामक मंडळ आहे, स्वतःचा अर्थसंकल्प आहे. देशातला अधिकारी संयुक्त चमूच्या बैठकीला येतो, मान डोलावतो आणि वर्षअखेरीला त्याचं मूल्यांकन त्याचं स्वतःचं मुख्यालय करतं. त्या मूल्यांकनात संयुक्त काम नसेल तर ते फावल्या वेळेत होतं.

माझ्या तक्त्यात म्हणून कामाशेजारी दोन रकाने असतात: हे काम कुठल्या पदावरची व्यक्ती करणार, आणि तिचा वार्षिक अहवाल कोण लिहिणार. दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला पहिल्यातलं काम माहीतच नसेल, तर ते काम होणार नाही असं मी धरून चालतो. पैशालाही हेच लागू. २०१२ पासून यूएनएड्सने अर्थसंकल्प, निष्पत्ती आणि उत्तरदायित्व एकाच चौकटीत आणलं, आणि ते योग्य दिशेचं पाऊल होतं. मात्र एचआयव्हीचा खूप मोठा पैसा २००२ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल फंडातून (एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीचा जागतिक निधी) आणि २००३ च्या पेपफार या अमेरिकी सरकारच्या एड्स मदत कार्यक्रमातून येत आला आहे, आणि हे दोन्ही त्या अकरांत नाहीत. फक्त अकरांचा तक्ता काढला तर पैशाची वाट त्यात दिसतच नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

शिफारशीपुढे 'अंशतः मान्य' असं लिहून पुढे जाणं. कुठला अंश अमान्य आणि का, हे त्याच ओळीत यायला हवं.

अहवालावरचा कृती आराखडा सल्लागाराकडून लिहून घेणं. वाईट लिहा, पण स्वतः लिहा.

बाधित व्यक्तींच्या नेटवर्कला शेवटच्या सादरीकरणाला बोलावणं. पहिल्या मसुद्याला बोलावा, आणि त्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी अर्थसंकल्पात धरा.

छेद, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या एकूण संख्येने भागतो ती, न तपासता टक्केवारीवर सुधारणा मोजणं. २००६ मध्ये यूएनएड्सने भारतातल्या बाधितांचा अंदाज ५७ लाख दिला होता. २००७ मध्ये तो सुमारे २५ लाखांवर आला. माणसं कमी झाली नव्हती, मोजणी सुधारली होती: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा सर्वसाधारण लोकांची एचआयव्ही तपासणी झाली आणि सेंटिनल केंद्रंही (ठरावीक गटांची नियमित तपासणी करून साथीवर नजर ठेवणारी) वाढली होती. ज्यांनी त्या वर्षात 'व्याप्ती' (सेवा पोहोचलेल्या लोकांचं प्रमाण) 'दुप्पट झाली' असं लिहिलं, त्यांनी फक्त छेद बदललेला पाहिला.

बंद करता, पण हवाली करत नाही

वर मी बंद करा म्हणालो, म्हणून हेही सांगायला हवं. गेट्स फाउंडेशनचा आवाहन हा एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला. तो सरकारकडे सोपवताना टीआय प्रकल्प टप्प्याटप्प्याने गेले: २००९ मध्ये साधारण दहा टक्के, २०११ मध्ये वीस, उरलेले २०१२ मध्ये. पहिल्या टप्प्यात ज्या अडचणी आल्या त्या पुढच्या टप्प्याआधी हाताळायला वेळ मिळाला. हस्तांतर असं व्हावं.

२०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबल्यावर यूएनएड्सच्या सचिवालयाला निम्म्याहून जास्त पदं कमी करावी लागली. सप्टेंबरमध्ये महासचिवांच्या सुधारणा प्रस्तावात २०२६ अखेर यूएनएड्स बंद करून त्याचं काम इतरत्र सामावून घेण्याचा विचार पुढे आला. संस्था कायम राहावी असा माझा हट्ट नाही. मला काळजी कामांची आहे. भारतातले एचआयव्हीचे अंदाज स्पेक्ट्रम या संगणकीय प्रारूपावर काढले जातात. जगभरच्या देशांना ते वापरायला शिकवणं, त्यांचे आकडे तपासणं आणि दरवर्षी एकत्र मांडणं हे यूएनएड्सच्या लोकांनी वर्षानुवर्षं केलं आहे. कार्यालयाच्या दाराला कुलूप लागायच्या आधी हे काम कुठल्या संस्थेतल्या कुठल्या पदाकडे जाणार, त्या पदाचा पगार कोण देणार आणि पहिली हवाली कुठल्या महिन्यात होणार, हे सहीनिशी कागदावर असलं पाहिजे.