क्लाउडचं कोटेशन घेण्याआधी यादी कशी फोडावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या हातात 'क्लाउड सर्व्हर, वार्षिक' अशी एका ओळीची रक्कम पडली, तर ते कोटेशन परत पाठवा. त्यात भाडं, लायसन आणि डीलरची देखभाल एकत्र झालेली असते आणि तिन्हींचं मोजमाप वेगळं असतं.

आधी आपल्या यादीत प्रत्येक गरजेसमोर लिहा: ऑपरेटिंग सिस्टिम कोण सांभाळणार? आपण, तर ते इन्फ्रास्ट्रक्चर. पैसे व्हीसीपीयू (भाड्याच्या सर्व्हरला मिळणारा प्रोसेसरचा वाटा), रॅम आणि डिस्कचे. सिस्टिम क्लाउड कंपनीकडे आणि आपल्याकडे फक्त डेटाबेस किंवा ॲप, तर प्लॅटफॉर्म. ईमेल, हजेरी अशी लॉगिन करून वापरायची तयार कामं सॉफ्टवेअरमध्ये जातात. तिथे मोजणी बहुधा युझरमागे दरमहा, म्हणून तीन पाळ्यांच्या सुपरवायझरांना एकच लॉगिन देऊन चालत नाही.

घोळ होतो तो इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये. विंडोज सर्व्हरचं लायसन भाड्यात धरलंय का, हे लेखी घ्या. आपलं जुनं लायसन ॲझ्युअरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, न्यायचं तर त्यावर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसनवरचा वेगळा करार) चालू हवा, आणि मशीन, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, 4 कोअरचं असलं तरी किमान 8 कोअरची लायसनं धरावी लागतात. रिमोट डेस्कटॉपवरून पाच जण टॅली उघडणार असतील तर आरडीएस कॅलही, म्हणजे रिमोट डेस्कटॉप वापरण्याची माणशी लायसनं, पाच लागतात. सर्व्हरबरोबर मिळणारी दोन सेशन्स फक्त देखभालीसाठी असतात, त्यावर रोजचं काम करणं लायसनमध्ये बसत नाही. टॅलीचं लायसनही वेगळं. सिल्व्हर एकाच युझरचं असतं, पाच जणांना गोल्ड घ्या.

मग खरेदीचा प्रकार. महिन्याचे तास साधारण 730. ऑफिस रोज 10 तास, महिन्याला 26 दिवस चालत असेल तर वापर 260 तासांचा, म्हणजे वापराप्रमाणे बिल परवडतं. एक किंवा तीन वर्षांच्या रिझर्व्हेशनला, म्हणजे मशीन आधीच बांधून घेतलं तर, दर उतरतो, पण मशीन बंद असलं तरी पैसे जातात. ते चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठीच घ्या. आणखी एक, ॲझ्युअरवर विंडोजच्या आतून शटडाऊन केलं तर मीटर थांबत नाही. पोर्टलवरून 'स्टॉप' करून मशीनसमोर 'डीॲलोकेटेड' (मशीन सोडून दिलं) दिसलं पाहिजे. डिस्कचं भाडं तरीही चालूच राहतं.

ऑर्डर देण्याआधी खात्यात जीएसटी नंबर भरा, नाहीतर 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट अडकतं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं 2022 पासून बंधनकारक आहे. रीजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या शहरात असणार ते, निवडताना मुंबई किंवा पुणे घ्या आणि बॅकअपचं रीजन वेगळं तपासा.