सी शार्पमधले टू-डी आणि जॅग्ड ॲरे: या चुका टाळा

वर्षभराच्या रोजच्या पावसाची नोंद ठेवायची आहे असं धरू. बहुतेक जण 'डबल[१२, ३१]' असा टू-डी ॲरे (१२ ओळी आणि ३१ रकान्यांचा तक्ता) लिहून मोकळे होतात. त्यात जागा होतात ३७२ आणि दिवस असतात ३६५. उरलेल्या सात जागांत शून्य बसतं, म्हणजे ३० फेब्रुवारीला पाऊस पडला नाही अशी नोंद! एरर येत नाही, पण सरासरी चुकते. ओळींची लांबी कमी-जास्त असेल तर सरळ जॅग्ड घ्या, म्हणजे ज्याची प्रत्येक ओळ हा एक वेगळा ॲरे असतो असा ॲरे.

जावाची सवय असलेले मग 'न्यू डबल[१२][३१]' लिहितात. जावात ते चालतं, सी शार्पचा कंपायलर चालवून घेत नाही. 'न्यू डबल[१२][]' लिहायचं, आणि लूप लावून प्रत्येक महिन्याची ओळ वेगळी बनवायची. ती बनवली नाही तर पहिली नोंद टाकतानाच नल-रेफरन्स एक्सेप्शन (नसलेली गोष्ट वापरल्याची एरर). हे बरं, निदान लगेच कळतं.

खरा ताप पुढे आहे. लूपचा कंटाळा म्हणून कोणी 'ॲरे.फिल(पाऊस, न्यू डबल[३१])' लिहितं ('पाऊस' हे आपल्या ॲरेचं नाव). ओळ एकदाच बनते आणि बाराही जागांवर तिचाच रेफरन्स (पत्ता) बसतो. जुलैत ४० मिमी टाकले की जानेवारीतही ४०! ॲरेची प्रत काढणाऱ्या 'क्लोन'चं दुखणंही तेच. टू-डी ॲरेची पूर्ण प्रत निघते. जॅग्डची फक्त वरची पातळी कॉपी होते, आतल्या ओळी जुन्याच राहतात. 'प्रत काढली होती, तरी मूळ आकडे बदलले' अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. उपाय एका ओळीचा: 'पाऊस.सिलेक्ट(म => म.टूॲरे()).टूॲरे()'.

'लेंग्थ'ही तपासा. जॅग्डमध्ये ती १२ येते, टू-डीमध्ये ३७२. टू-डीला महिन्यांची संख्या हवी असेल तर 'गेटलेंग्थ(०)'.

टू-डी मेमरीत सलग असतो, म्हणून तोच वेगवान, असंही धरून चालू नका. सी शार्प ज्यावर चालतं त्या डॉटनेटमध्ये एकमितीय ॲरेसाठी खास सूचना (इन्स्ट्रक्शन्स) आहेत आणि जॅग्डची प्रत्येक ओळ एकमितीयच असते, त्यामुळे अनेकदा जॅग्डच पुढे जातो. मोजून बघा.

आणि डेटा जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा फॉरमॅट) पाठवायचा असेल तर त्यासाठीची डॉटनेटची लायब्ररी 'सिस्टिम.टेक्स्ट.जेसन' टू-डी ॲरे घेतच नाही, नॉट-सपोर्टेड एक्सेप्शन फेकतं. पाठवण्याआधी जॅग्ड करून घ्या, किंवा स्वतःचा कन्व्हर्टर लिहा.